दूरच्या बेटावर माणसांनी भरलेली बोट येते तेव्हा: पोलीस आणि सीमा पथकासाठी कामाचा क्रम

मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बेटावर पोलीस ठाणं म्हणजे बहुतेकदा चार-पाच माणसं, एक गाडी, एक छोटी बोट आणि शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका. गस्ती जहाज दहा-बारा तासांच्या अंतरावर असतं आणि विमान हवामानाच्या मर्जीवर. अशा ठिकाणी साठ माणसांनी गच्च भरलेली लाकडी बोट क्षितिजावर दिसली, की पुढच्या काही तासांत जे बरंवाईट होईल ते या मूठभर माणसांच्याच हातून होतं. मदत येईपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते इथे मांडलं आहे.

क्रम असा: आधी जीव, मग तब्येत, मग मोजणी, मग ओळख, मग पुरावा आणि शेवटी कायद्याचा निर्णय. बेटांवर होणाऱ्या मोठ्या चुकांच्या मुळाशी हा क्रम उलटा झालेला असतो. धक्क्यावर पाय ठेवताक्षणी "बोट कोण चालवत होतं?" असं विचारायला सुरुवात केली, की तहानलेला, घाबरलेला माणूस काहीतरी बोलून जातो. ते न्यायालयात टिकत नाही, आणि तेवढ्या वेळात बोटीच्या पोटात बेशुद्ध पडलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बोट येण्याआधीची तयारी

बेटाचा एक नकाशा भिंतीवर हवा आणि त्यावर उतरण्याच्या प्रत्येक जागेपुढे लिहिलेलं हवं: कोणत्या वाऱ्यात ही जागा चालते, कोणत्या महिन्यांत इथे लाट फुटते, ओहोटीला किती पाणी उरतं, गाडी किती जवळ येते. ही माहिती कागदावर क्वचित असते, पण मासेमारांच्या डोक्यात पक्की असते. त्यांच्याबरोबर बसून नकाशा भरून घ्या आणि दरवर्षी पुन्हा तपासा.

बचावबोट चालू स्थितीत असणं ही अट आहे. १५ डिसेंबर २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर आश्रय मागायला आलेल्यांची लाकडी बोट खडकाळ कड्यावर आदळून फुटली. बोटीवर ९२ जण होते, ५० मेले. बेटावरचे रहिवासी कड्यावरून लाईफ जॅकेटं आणि दोर फेकत होते. जे वाचले त्यांतल्या जवळपास सगळ्यांना नौदलाच्या आणि सीमाशुल्क विभागाच्या जहाजांवरून आलेल्या छोट्या बोटींनी पाण्यातून काढलं. त्या समुद्रात नेता येईल अशी स्वतःची बोट बेटावरच्या यंत्रणेकडे त्या दिवशी नव्हती, आणि नंतरच्या मृत्यूचौकशीत नेमका हाच मुद्दा पुढे आला. म्हणून दर आठवड्याला इंजिन भाराखाली किमान अर्धा तास चालवा, टाकीतलं जुनं इंधन बदला, तपासणीचा दाखला संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाला लावा. बोट दुरुस्तीला गेली तर तेवढ्या दिवसांपुरती मासेमारांची कोणती बोट वापरायची, त्याचा लेखी करार आधीच करून ठेवा.

साठ्याचा हिशेब माणसांवरून करा. साठ माणसं धरली तर नुसतं पिण्यासाठी माणशी ३ लिटरप्रमाणे दिवसाला १८० लिटर पाणी लागतं. धुणं, शौच, स्वयंपाक धरून मदतकार्यात मानला जाणारा किमान निकष माणशी १५ लिटर आहे, म्हणजे ९०० लिटर. छपराखालची जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, एकूण २१० चौरस मीटर. शाळेचा किंवा समाजमंदिराचा मोठा हॉल एवढाच असतो. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक शौचालय चालवून घेता येतं, पण बायकांचं वेगळं आणि आतून कडी लागणारं हवंच. विमान उद्या येणार असलं तरी साठा तीन दिवसांचा ठेवा.

याशिवाय एका मोठ्या, पाणी न शिरणाऱ्या पेटीत: मोठ्यांची आणि मुलांची लाईफ जॅकेटं (लहान मूल मोठ्याच्या जॅकेटातून खाली निसटतं, त्यामुळे मापं वेगळी हवीतच), फेकायचे तरंगते दोर, ब्लँकेटं, ओआरएसची पाकिटं, क्रमांक छापलेले मनगटपट्टे, न पुसणारी मार्कर पेनं, हातमोजे, सॅनिटरी पॅड, लंगोट, मोहरबंद करता येतील अशा पिशव्या, आणि चित्रांची कार्डं. "बसा", "हलू नका", "जॅकेट घाला", "एकेक जण" एवढ्या चार सूचना चित्रांत असल्या तर भाषा न कळणाऱ्या साठ जणांना आवरता येतं.

आणखी एक तयारी कागदावरची नाही, नजरेची आहे. नेहमीची ये-जा कोणती ते माहीत असल्याशिवाय वेगळी बोट ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरस सामुद्रधुनीत असलेलं ऑस्ट्रेलियाचं सैबाई बेट शेजारच्या पापुआ न्यू गिनी देशाच्या किनाऱ्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे. १९७८ साली झालेल्या आणि १९८५ पासून लागू असलेल्या करारानुसार तिथले पारंपरिक रहिवासी पारपत्राशिवाय नातेवाइकांकडे, मासेमारीला, समारंभांना पलीकडे जातात. तिथे दर बोटीमागे धावणारा पोलीस महिन्याभरात गावाचा विश्वास गमावतो, आणि मग खरी खबर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

पहिली खबर: काय विचारायचं

खबर मासेमाराकडून, विमानाकडून किंवा थेट बोटीवरच्या कुणाच्या फोनवरून येते. वेळ लिहा आणि विचारत जा: बोट कुठे आहे, कुठल्या दिशेला तोंड आहे, चालते आहे की वाहते आहे, माणसं किती, मुलं आहेत का, बोटीचा काठ पाण्यापासून किती वर आहे, आत पाणी भरतं आहे का, कुणाच्या अंगात जॅकेट आहे का. फोन करणाऱ्याचा क्रमांक घ्या, त्याला बॅटरी वाचवायला सांगा आणि पुढचा फोन किती वाजता करायचा ते ठरवून घ्या.

स्थान लिहून घेताना एक चूक पुन्हा पुन्हा होते. फोन अंश दशांशात दाखवतो आणि बोटीवरची उपकरणं बहुधा अंश-मिनिटांत. १०.५० अंश म्हणजे १० अंश ३० मिनिटं. तेच कुणी १० अंश ५० मिनिटं असं वाचलं तर अक्षांशात २० मिनिटांची, म्हणजे २० सागरी मैलांची, अर्थात ३७ किलोमीटरची चूक होते. आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा, परत वाचून दाखवा, आणि नकाशावर टेकवून पाहा. तो बिंदू जमिनीवर किंवा अशक्य अंतरावर पडत असेल तर तिथेच कळतं.

लगेच सागरी शोध आणि बचाव समन्वय केंद्राला कळवा. आधी वरिष्ठांची परवानगी आणि मग केंद्र, असा फेरा नको. व्हीएचएफ या सागरी रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर (१५६.८ मेगाहर्ट्झ) जवळच्या जहाजांना सावध करा. संकटातल्या माणसांना मदत करणं हे १९८२च्या समुद्र कायदा कराराच्या ९८व्या कलमानं आणि सागरी सुरक्षेच्या सोलास करारानं प्रत्येक कप्तानावर घातलेलं बंधन आहे. माणसं कोण आहेत, कुठून आली, कागद आहेत का, यानं ते बदलत नाही.

"त्यांनी मदत मागितलीच नाही" हे कारण चालत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या सागरी सीमा निगराणीच्या नियमात हे स्पष्ट लिहिलं आहे: संकट आहे की नाही हे केवळ मदतीच्या मागणीवर ठरवू नये. बोटीची अवस्था, तिच्या मानानं माणसांची संख्या, इंधन-पाणी-अन्न, जाणता खलाशी, सुरक्षेची साधनं, मुलं, गरोदर बायका, जखमी, मृत, हवामान हे सगळं पाहायचं. हा नियम युरोपचा असला तरी ही यादी कुठल्याही समुद्रावर कामाची आहे. जॅकेटं नसलेली आणि काठापर्यंत बुडालेली बोट आज चालती असली तरी ती संकटातच आहे असं धरा.

लाकडी किंवा रबरी बुटकी बोट रडारवर लाटांत हरवते. शेवटचं पक्कं स्थान आणि वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. वारा आणि प्रवाह यांवरून ती कुठे वाहून जाईल ते केंद्र काढतं, पण त्याला हे दोन आकडे अचूक लागतात.

बोटीजवळ जाताना

इथे सर्वांत जास्त माणसं मरू शकतात, त्यामुळे इथे थोडं थांबून नीट समजून घेऊ.

गच्च भरलेली बोट आधीच डळमळीत असते. माणसं डेकवर उभी राहिली की वजन वर जातं. तळाला साचलेलं पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. अशा वेळी बचावबोट दिसली की सगळे एका कुशीला सरकतात, आणि काही सेकंदांत बोट उलटते. इटलीच्या लॅम्पेदुसा बेटाजवळ ३ ऑक्टोबर २०१३ रोजी बंद पडलेल्या बोटीवर लक्ष वेधण्यासाठी पेटवलेल्या कापडाची आग भडकली, लोक एका बाजूला धावले आणि किनारा समोर दिसत असताना साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या एल हिएर्रोवर २८ मे २०२५ रोजी दीडशेहून अधिक माणसांची बोट ला रेस्टिंगा बंदरात पोहोचली होती, धक्का काही मीटरांवर होता. माणसं उतरवून घेताना ती कलंडली आणि सात बायका-मुली दगावल्या. बचाव पथक शेजारी असताना हे घडलं. बंदरात आली म्हणजे सुटली, असं मानू नका.

म्हणून:

वेग खूप आधी कमी करा. तुमच्या बोटीच्या मागून उठणारी लाट तिच्या काठावरून आत जाऊ शकते. शंभरेक मीटरवर थांबा आणि पूर्ण एक चक्कर मारून पाहा: पाण्यात कुणी आहे का, इंजिन चालू आहे का, दोर लोंबकळतात का, काठ कुठे फुटला आहे.

आधी आवाज, मग हालचाल. एकच माणूस बोलेल. शांतपणे, हात वर-खाली करून "बसा" दाखवायचं. भोंगे, निळे दिवे, ओरडा बंद. रात्री झगझगीत दिवा थेट चेहऱ्यांवर मारू नका. आंधळी झालेली माणसं उठून उभी राहतात. उजेड दोन बोटींमधल्या पाण्यावर टाका.

कुशीला बोट लावू नका. पुढून किंवा मागून या, म्हणजे सगळे एका बाजूला झुकत नाहीत. दोन बोटी असतील तर एक दूर उभी राहून पाण्यावर लक्ष ठेवेल.

जॅकेटं आधी, माणसं नंतर. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट बांधलं गेल्याशिवाय एकालाही उचलू नका. जॅकेटं फेकू नका, एकेक हातात द्या. फेकलेलं जॅकेट पाण्यात पडलं की ते धरायला कुणीतरी उडी घेतं. दहा-बारा दिली की थांबा, ती घालून होऊ द्या.

मग एकेक. वरच्या डेकवरची माणसं आधी काढली तर वजन खाली येतं. पण नजर बोटीच्या पोटावरही असू द्या. तिथे इंधनाचा धूर कोंडून बेशुद्ध झालेले असतात. मूल आणि त्याची आई एकाच फेरीत. मूल आधी उचललं आणि आई मागे राहिली तर ती उठणारच, आणि तिच्याबरोबर बोट हलणार.

तुमची क्षमता मोजा. बचावबोट बारा माणसं घेत असेल तर साठ जणांना पाच फेऱ्या लागतात. एक फेरी अर्ध्या तासाची असेल तर अडीच तास. तेवढा वेळ ती बोट तरंगेल का? शंका असेल तर फुगणारे तराफे तिच्याजवळ उघडून द्या, म्हणजे उलटली तरी धरायला काही असेल. क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन तुमचीच बोट धोक्यात घालू नका.

ओढून नेणं हा शेवटचा पर्याय. माणसं आत असताना दोर बांधून ओढलं की बोट आडवी फिरून पाणी घेऊ शकते, आणि कुजक्या फळीला बांधलेला दोर फळी घेऊनच निघतो. ओढावंच लागलं तर सगळे जॅकेटांत आणि बसलेले, दोर नाळेच्या भक्कम आधाराला, वेग माणूस चालतो तेवढा, आणि दोर कापायला हाताशी सुरी.

पाण्यात माणूस असेल तर इंजिन न्यूट्रलवर. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला शक्यतो आडवा उचला. सरळ उभा ओढला तर रक्तदाब कोसळून तो बचावबोटीवरच दगावू शकतो.

किनारा खडकाळ असेल आणि बोट चालती असेल, तर तिला योग्य जागेकडे वळवणं हेच मोठं काम आहे. कड्यावर बॅटऱ्या घेऊन उभे राहिलेले गावकरी नकळत तिला खडकाकडे बोलावतात. उजेड सुरक्षित जागेवर एकवटा, बाकी किनारा अंधारात ठेवा, आणि शक्य झालं तर तुमची बोट पुढे घालून "माझ्या मागे या" असं दाखवा.

हत्यारांची शक्यता नाकारायची नाही. दोघांनी फक्त हात आणि कंबर पाहावी, पण शस्त्रं म्यानात. बंदूक रोखली की गर्दी पळते, आणि डळमळत्या बोटीवर पळण्याचा अर्थ वर सांगितला आहेच.

धक्क्यावर

उतरण्याची वाट एकच ठेवा आणि तिच्या तोंडाशी एकच मोजणारा. प्रत्येकाला मनगटपट्टा, त्याच क्रमांकाचा फोटो, त्याच क्रमांकाची सामानाची पिशवी. कुटुंबाला लागोपाठ क्रमांक द्या, पुढे शोधाशोध वाचते. मोजणी तीनदा: उतरताना, सावलीत बसल्यावर, रात्री झोपण्याआधी.

पहिल्या तासात विचारायचा प्रश्न एकच: "निघताना बोटीवर किती जण होते?" तो निदान सहा-सात जणांना वेगवेगळा विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर मोठा आकडा खरा धरून शोध चालू ठेवा. बोट रिकामी वाटली तरी फळ्यांखाली, इंजिनाच्या खोलीत, टपाखाली हात घालून पाहा.

परिचारिकेला शक्य तितकं पुढे बसवा. ती चार गोष्टी शोधेल. एक, श्वास आणि शुद्ध. दोन, इंधनानं भाजल्याचे डाग: रबरी बोटीत पेट्रोल आणि खारं पाणी तळाला मिसळतं आणि त्यात तासन्‌तास बसलेल्यांच्या मांड्या, पाठ सोलवटते. बायकांना बहुधा मध्ये, तळाला बसवलेलं असतं, म्हणून हे त्यांच्यात जास्त दिसतं, आणि लाजेपोटी त्या सांगत नाहीत. ओले कपडे काढून किमान वीस मिनिटं गोड्या पाण्यानं धुवायचं. नुसतं ब्लँकेट गुंडाळलं तर इंधन आतच राहून कातडी जाळत राहतं. तीन, गारठा: ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, चोळू नका. चार, गरोदरपण आणि नुकतं झालेलं बाळंतपण.

पाणी घोटाघोटानं द्या. मध्यम शोष पडलेल्या मोठ्या माणसाला चार तासांत सव्वादोन ते चार लिटर ओआरएस लागतं. एक पाकीट किती पाण्याचं ते पाकिटावर वाचून तेवढ्यातच विरघळवा. गटागटा प्यायला दिलं की उलटी होते आणि सगळं वाया जातं. अनेक दिवस उपाशी असलेल्याला भरपेट जेवू घालणं जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, वारंवार, आणि परिचारिकेला विचारून.

झडती सावलीत, पडद्याआड, बाईची बाईनंच. पैसे, दागिने, फोन त्याच्यासमोर मोजून लिहा, त्याची सही किंवा अंगठा घ्या आणि पावती द्या. पावतीशिवाय घेतलेली एक अंगठीही पुढे सगळ्या पथकाच्या शब्दावर शंका आणते.

नाव, वय, भाषा

बोटीवरचाच इंग्रजी जाणणारा तरुण पुढे येतो आणि सगळ्यांच्या वतीनं बोलू लागतो. पाणी वाटायला त्याची मदत घ्या, जबाबाला कधीही नको. तो तस्करांचा माणूस असू शकतो, किंवा ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचा शत्रू. फोनवरचा दुभाषी मिळवा आणि आधी भाषा विचारा, देश नंतर: एकाच देशाच्या दोन माणसांना एकमेकांची भाषा कळत नाही असं पुष्कळदा होतं. बायकांसाठी बाई दुभाषी मागा.

नाव जसं ऐकू येतं तसं लिहा, शक्य असल्यास त्याच्याच लिपीत त्याच्याच हातानं लिहून घ्या. जन्मतारीख १ जानेवारी सांगणारे बरेच भेटतील. ते खोटं बोलत नसतात, कित्येक ठिकाणी जन्माची नोंदच होत नाही. अठराच्या आतबाहेरची शंका असेल तर पक्का निर्णय होईपर्यंत मूल समजा. एकटं मूल अनोळखी मोठ्यांत झोपवू नका. "हा माझा काका" म्हणणाऱ्याची आणि मुलाची वेगवेगळी विचारपूस करा: आजीचं नाव, घर कसं होतं, वाटेत काय खाल्लं.

कुणी म्हणालं "परत पाठवलं तर मारतील", तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यासाठी "आश्रय" हा शब्द उच्चारावा लागत नाही. १९५१च्या निर्वासित कराराचं ३३वं कलम अशा माणसाला छळाच्या जागी परत ढकलायला मनाई करतं, आणि ३१वं कलम धोक्यातून थेट आलेल्या आणि विनाविलंब पुढे होऊन कारण सांगणाऱ्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये असं सांगतं. तुमच्या देशानं त्या करारावर सही केली आहे का ते तुमच्या कायदेविभागाला विचारा. पण छळाच्या तोंडी परत न देण्याचं तत्त्व त्यापलीकडेही मानलं जातं. समुद्रात पकडून तिथूनच परत नेलं तरी जबाबदारी सुटत नाही, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१२ साली इटलीविरुद्धच्या हिर्सी जमा खटल्यात ठरवलं. धक्क्यावरचा हवालदार हा निर्णय देत नाही. तो फक्त नीट नोंदवतो आणि पुढे पाठवतो. आणि ज्या देशातून माणूस पळाला त्या देशाच्या वकिलातीला त्याचं नाव परस्पर कळवू नका.

पुरावा

सुकाणूवर दिसला तो तस्कर, हे समीकरण फसवं आहे. पैसे नसलेल्या प्रवाशाला भाड्याच्या बदल्यात सुकाणू धरायला लावणं, किंवा तांडेल मध्येच दुसऱ्या बोटीत उतरून जाणं, हे सर्रास चालतं. कधी सुकाणूवर सोळा वर्षांचा मुलगा असतो. स्थलांतरितांच्या तस्करीविरुद्धच्या २००० सालच्या प्रोटोकॉलचं पाचवं कलम सांगतं की केवळ तस्करी करून आणलं गेलं म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. पैसे कुणी घेतले, बोट कुणी विकत घेतली, निघताना हुकूम कोण देत होतं, याकडे तपास वळवा.

बोटीचे फोटो ती बुडण्याआधी, आधी दुरून चारही बाजूंनी, मग आतून. लांबी-रुंदी मोजा. इंजिनाचा क्रमांक, इंधनाचे ड्रम किती आणि किती भरलेले, होकायंत्र, जीपीएस, वह्या, औषधांची वेष्टनं, अन्नाच्या पुड्यांवरचं छापील गाव. अशा एखाद्या पुडीवरून निघण्याचं बंदर सापडू शकतं. जीपीएस चालू असेल तर पडद्याचा फोटो काढा, बटणं दाबत बसू नका.

फोन चालू आणि कोरडा असेल तर विमान मोडवर टाका, चार्ज ठेवा. खाऱ्या पाण्यात बुडालेला असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका. तसं लिहून लवकरात लवकर प्रयोगशाळेकडे. फोनचं घड्याळ निघालेल्या देशाच्या वेळेवर असू शकतं, म्हणून तुमच्या घड्याळाशी फरक त्याच वेळी नोंदवा. सगळ्या नोंदींना एकच वेळ वापरा. हस्तांतराची प्रत्येक पायरी लिहा: कुणी दिलं, कुणी घेतलं, किती वाजता, मोहर क्रमांक कोणता.

जबाब पहिल्या रात्री नको. पण आठवडाभर थांबलात तर साक्षीदार विमानानं गेलेले असतात. झोप, पाणी, औषध मिळाल्यावर, रवानगीच्या आधी, दुभाष्यासह छोटा जबाब घ्या.

बोट जाळण्याची घाई करू नका. लाकूड पोखरणारे किडे, उंदीर, आणलेलं अन्न आणि बिया यांचा बेटाच्या जंगलाला खरा धोका असतो, त्यामुळे जैवसुरक्षा अधिकाऱ्याला लगेच बोलवा आणि बोट किनाऱ्यापासून दूर नांगरा. पण सरकारी वकिलाची लेखी संमती मिळेपर्यंत ती मुद्देमाल आहे. इंधन आधी काढून घ्या.

मृत

प्रत्येक देहाला वेगळा क्रमांक, मनगटाला आणि पिशवीला दोन्हीकडे, न भिजणाऱ्या लेबलवर. जिवंतांच्या क्रमांकांची मालिका इथे वापरू नका. चेहरा, दात, गोंदण, व्रण, कपडे, खिशातलं सगळं यांचे फोटो. कपडे अंगावरच राहू द्या. शीतगृह नसेल आणि पुरावं लागलं तर एकेकाला वेगळ्या खड्ड्यात, क्रमांक आणि नकाशासह. मृतांमुळे साथ पसरते ही भीती निराधार आहे, त्यासाठी घाईनं सामूहिक दफन कधीही करू नका. कित्येक वर्षांनी एखादी आई त्या क्रमांकाचा शोध घेत येऊ शकते. वाचलेल्यांत नातेवाईक असतील तर ओळख पटवायला एकेकाला, आडोशाला, कुणीतरी शेजारी असताना न्या.

बेटावरची माणसं

मासेमारांना स्पष्ट सांगा, लेखी द्या: बुडत्याला वाचवल्याबद्दल कुणावर गुन्हा लागणार नाही. ही धास्ती असेल तर ते तोंड फिरवून पुढे निघून जातील आणि तुमचं सर्वांत मोठं बचाव पथक हातचं जाईल. गावाचं पिण्याचं पाणी वापरलंत तर किती वापरलं आणि कधी भरून मिळेल ते त्याच दिवशी सांगा. दर संध्याकाळी एक खरी माहिती गावात द्या, नाहीतर रोगराईच्या अफवा त्या जागी येतात. आलेल्यांचे चेहरे दिसणारे फोटो कुणी टाकणार नाही याची काळजी घ्या. त्यावरून त्यांच्या घरच्यांना शोधून त्रास दिला जाऊ शकतो.

पुढे सोपवताना

जहाज किंवा विमान आलं की क्रमांकवार यादी, वैद्यकीय टिपण, सामानाच्या पिशव्या आणि पावत्या, जबाब, पुराव्याची यादी यांच्या दोन प्रती, दोन्हीवर सह्या. एक प्रत बेटावर राहील. कुणाला कोणत्या विमानात बसवलं ते क्रमांकासह लिहा. कुटुंब दोन विमानांत विभागू देऊ नका. औषधं चालू असलेल्याची पुढची मात्रा किती वाजता, हे त्याच्या पट्ट्याशेजारी चिकटवा.

मग दोन दिवसांच्या आत पेटी पुन्हा भरा. वापरलेली जॅकेटं गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा, कुजलेले पट्टे आणि न पेटणारे दिवे वेगळे काढा, फुगवायच्या जॅकेटांची गॅसकुपी वजन करून तपासा, दोर उलगडून पुन्हा गुंडाळा आणि किती मुलांची जॅकेटं कमी पडली तो आकडा पुढच्या मागणीपत्रात लिहा.